कडू दूध

अंडं मोहरीच्या दाण्याहून बारीक होतं. आकाराने लांबट, रंगाने पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखं. पानाच्या खालच्या अंगाला, शिरेच्या आधाराने चिकटवलेलं. वरून पाहणाऱ्याला पान म्हणजे नुसतं पान दिसत होतं. धम्मशीलाने काडीने ते उलटं केलं तेव्हा अशी चार-पाच अंडी दिसली. शेजारच्या पानावर एक पिवळी अळी कडेपासून खात आत आली होती आणि तिच्या मागे पानाची जाळी उरली होती. धम्मशीलाने काडी हळूच काढून घेतली. पान आपल्या जागी गेलं.

हात लावायची तिला सोय नव्हती. अंगात नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाशी सुतळीने बांधलेला, आणि तोंडाला ओढणी. तरी घाम आला की कोपराच्या आतल्या बाजूची आग सुरू व्हायची. तिथली कातडी जाड आणि काळपट झाली होती, वाळल्या चिखलासारख्या भेगा पडलेली. गाजर गवत एकदा अंगावर उठलं की दरवर्षी उठतं, पहिल्यापेक्षा जास्त.

तिच्या घरामागून सुरू होणारा तो सगळा उतार सरकारी होता. कागदावर ई-क्लास, बोलण्यात गायरान. कवठझिरी गावाची ढोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आली होती. आता तिथे छातीइतकं गाजर गवत उभं होतं आणि त्याच्या पांढऱ्या फुलांमुळे उतार लांबून मीठ सांडल्यासारखा दिसायचा.

धम्मशीलाच्या सासूच्या, केसरबाईच्या, दोन म्हशी होत्या. शेत नव्हतं. नवरा धम्मदीप नांदुऱ्याला बाजार समितीत हमाली करायचा. म्हशी उताराच्या जिवावर होत्या आणि घर म्हशींच्या. केसरबाईचं दूध वडनेर भोलजीच्या रस्त्यावर, फाट्यावरच्या निवृत्तीच्या हॉटेलात जायचं, आणि गावात निवृत्तीची म्हातारी आई तानुबाई हिच्याकडे रतीब होता. तानुबाई ओट्याच्या कडेला लोटी ठेवायची, केसरबाई वरून दूध ओतायची. "दुधाले विटाळ नसते बाई," असं तानुबाई कधीकधी आपणहून म्हणायची. केसरबाई पदराने कॅनचं तोंड पुसायची आणि निघायची.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. एकदम झाल्या म्हणूनच कशामुळे काय झालं ते कुणाला वेगळं काढता आलं नाही. पहिली, उतारावरचं गवत मागे हटलं आणि गाजर गवताने जागा धरली. दुसरी, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत निवृत्तीने उतार एका सोलर कंपनीला द्यायचा ठराव आणला. सरपंच त्याची बायको सुचिता होती. सभेत बोलायचा तोच. धम्मदीप मागून उठला आणि म्हणाला, "माही हरकत हाय. मंग आमी ढोरं कुठी चारायची?" त्याच्या मागे आणखी काही लोक उठले. ठराव तिथेच अडकून राहिला.

पोळा झाल्यावर निवृत्तीने हॉटेलातून दुधाचा कॅन परत पाठवला. दूध कडू येते म्हणून.

केसरबाईने चाखलं. कडू होतं. जिभेच्या टोकाला नाही, गिळल्यावर घशाशी. चारा कमी पडला की म्हशी गवताबरोबर गाजर गवताचा पालाही ओढायच्या, तो दुधात उतरायचा. पण ते रोजचं नव्हतं. काही दिवस चांगलं यायचं. मग घरात प्रत्येकाची जीभ वेगळं सांगू लागली. पुढे सवयीने ती काहीच सांगेना.

तानुबाईचा रतीबही सुटला. उरलं दूध आटवून खवा कर, तूप कर, असं चाललं. फाट्यावरची पोरं धम्मदीपला "काय बे कडू" म्हणू लागली. गावात कडू म्हणजे ज्याच्या बापाचा पत्ता नाही तो. धम्मदीप अंगावर गेला की ती हसायची. "दुधाले म्हणलं ना बे. तुले काऊन लागलं?"

हरकत मागे घ्यावी असं केसरबाईला मनातून वाटत होतं. पण ती तसं म्हणत नव्हती, आणि टिकून राहा असंही म्हणत नव्हती. धम्मदीपने विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं.

"गवत जाऊ दे. दूध गोड येऊ दे. मंग सांगतो."

*

भुंगे आले ते मागच्या पावसाळ्यात. कृषी महाविद्यालयाच्या मुली गावात राहायला आल्या होत्या. त्यांतली पायल म्हणून एक उंद्रीची होती, बोलकी. तिने प्लास्टिकच्या बरण्यांतून भुंगे आणले, झाकणाला सुईने भोकं पाडलेली. भुंगा डाळीच्या दाण्याएवढा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी रेघा. फलक लागला. निवृत्तीने आणि सुचिताने एकेक बरणी उपडी केली, फोटो झाले, आणि माणसं चहाला गेली.

पायल मागे राहिली. "काकू, तुमचं घर जवळ आहे. एवढा कोपरा कुणाला उपटू देऊ नका. फवारू पण देऊ नका. यांना दुसरं काही चालत नाही, गाजर गवतच लागतं. ते संपलं की हे उपाशी मरतात."

"पिकावर नाही ना जाणार?"

"नाही जात."

"अन् किती दिवसांत खातीन?"

"यंदा दिसणार नाही फारसं. थंडीत जमिनीत जाऊन बसतील. पुढच्या पावसाळ्यात वर येतील."

"जमिनीत मेले नाही हे कसं समजन?"

"वर आल्यावर," पायल म्हणाली आणि स्वतःच हसली.

त्या वर्षी काही दिसलं नाही. थोडी पानं चाळणीसारखी झाली, पुन्हा नवी फुटली. दिवाळीनंतर एकही भुंगा नजरेला पडेना. गावाला थट्टेला विषय झाला. पाण्याच्या टाकीवर बाया विचारायच्या, "काय वो धम्मशीला, म्हशी सोडून भुंगे दोहून राह्यली म्हणे?" ती हसून घ्यायची. उन्हाळ्यात कुणी उतारावर मुरूम खणायला ट्रॅक्टर आणला की ही धावत जाऊन त्याच्या आडवी उभी राहायची. त्या कोपऱ्यात तिने काट्या टाकून ठेवल्या होत्या.

यंदा पाऊस लागला, गाजर गवत वीतभर झालं, आणि एका सकाळी शेंड्यावर भुंगे बसलेले दिसले. एकावर एक, जोडीने. तिने केसरबाईला हाका मारून बोलावलं. केसरबाई वाकून बराच वेळ पाहत राहिली.

"मेले नोयते तं."

"नाही आत्याबाई."

"किती लहान हायेत वो माय. अन् गवत पाय केवढं."

त्यानंतर धम्मशीला रोज म्हशी सोडायच्या आधी उतारावर जायची. भुंग्यांनी भरलेला शेंडा विळ्याने छाटायचा, टोपल्यात आडवा ठेवायचा आणि लांबच्या रोपांत नेऊन अडकवायचा. उचलताना झाड हललं की भुंगे पाय आखडून मेल्यासारखे खाली पडायचे. मग ती जमिनीवरून एकेक काडीवर घ्यायची. पंधरवड्यात त्या कोपऱ्याची पानं गेली. मग फुलं गेली. उरल्या हिरव्या काड्या. भुंगे पुढच्या रांगेकडे सरकले.

*

पोळ्याच्या तोंडावर निवृत्ती मोटारसायकलवरून आला. पोळा भरायचं मैदान उताराला लागून होतं, तिथेही गाजर गवत माजलं होतं.

"काय वं, तुमच्या वस्तीतल्या बायांले सांग. मैदान साफ करा लागते. उताराकडची बाजूही उपटून टाका."

"उताराकडची राहू द्या निवृत्तीभाऊ. तठी भुंगे हायेत. आता खाऊनच राह्यले ते."

"भुंग्यासाठी गवत ठेवू? पोळ्याले लोकं बैल आणतीन का भुंगे?" मागे बसलेला माणूस हसला. "फवारणीवाला बोलावला हाय मी. एका दिवसात जळते सारं."

"फवारू नका. गवत पुन्हा येते, भुंगे येणार नाहीत. तुमच्याच हातानं सोडले ना भाऊ. फोटो हाय."

फोटोचं नाव काढल्यावर निवृत्तीने उताराकडे पाहिलं. खाल्लेला पट्टा पिवळट दिसत होता.

"बरं. तेवढं सोडतो. पण मैदानातलं तूच उपटजो. मले पोळ्याले एक काडी दिसली नाही पायजे."

"उपटतो," ती म्हणाली. मग मोटारसायकल सुरू होण्याआधी तिने विचारून घेतलं, "अन् भाऊ, सारं गवत गेल्यावर दूध घेसान ना?"

"मी का दुश्मन हाव का तुमचा? गवतानं कडू होते, गवत गेलं का आणजो. कोन नाही म्हणते?"

हे केसरबाईने दारातून ऐकलं.

मैदानातलं गवत उपटायला धम्मशीलाबरोबर वस्तीतल्या पंचफुला आणि दोघी आल्या, पण त्यांचीही अंगं उठायला लागल्यावर तिनेच त्यांना परत पाठवलं. हाताला पिशव्या बांधल्या होत्या. मुळाला जोर देताना पिशव्या निसटायच्या, मग तिने त्या काढून टाकल्या. केसरबाई मागून ढीग ओढून नेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीलाचे डोळे उघडेनात. पापण्या फुगून गाल आणि कपाळ एक झालं होतं. केसरबाईने करंजाचं तेल लावलं आणि तिचा हात धरून तिला संडासला नेलं. बाहेर पोळ्याची वाजंत्री वाजत होती. तिला दिसत काही नव्हतं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या ऐकू येत होत्या.

धम्मदीप संध्याकाळी आला. बायकोच्या तोंडाकडे पाहून त्याने डबा आपटला. "कायले ऐकते त्याचं? माय, मी हरकत मागं घेतो. मिटवून टाकू."

"थांब," केसरबाई म्हणाली. "तो बोलला हाय. गवत जाऊ दे."

*

भादव्यात उतार ओळखू येईना. भुंगे इतके झाले होते की चालताना पायाखाली कुरकुर वाजायचं. गाजर गवताच्या काड्या उभ्याच्या उभ्या वाळल्या, औषधाला एक पान उरलं नाही, आणि खाली उजेड पोचल्याबरोबर दबून राहिलेलं मारवेल आणि पवन्या गवत वर आलं. वरच्या अंगाला तरोट्याने जागा धरली. म्हशी मान खाली घालून ओळीने चरू लागल्या. गावातलीही ढोरं पुन्हा येऊ लागली. ज्यांनी दोन वर्षं उताराकडे पाठ केली होती त्यांचीही.

केसरबाईने सगळ्यात आधी घरात दूध चाखून पाहिलं. पण घरच्या जिभेवर तिचा विश्वास नव्हता. ती धम्मशीलाला म्हणाली, "तानुबाईकडं घेऊन जाय. म्हातारी खोटं बोलत नाही."

तानुबाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. आता घरी थैलीचं दूध येत होतं. तिने आत पाहिलं, सुचिता नव्हती. मग लोटी पुढे केली. दूध वरून ओतून घेतलं आणि तिथेच तोंडाला लावलं. थांबून पुन्हा घोट घेतला. ओठावरची साय जिभेने पुसली.

"गोड हाय."

"खरंच आजी?"

"मंग का खोटं? कुंदा गवताचा वास येऊन राह्यला त्याले." तिने लोटी रिकामी केली. "थैलीचं दूध म्हणजे चुन्याचं पाणी. पण तो निवृत्ती ऐकत नाही. मी तवाही म्हणलं होतं त्याले, एखाद्या दिवशी होते कडू, चांगल्या दिवसाचं घेत जाय. तं मले म्हणे, माय, तू यात पडू नोको."

धम्मशीला उभीच राहिली. "यात म्हणजे कशात?"

तानुबाईने सूप पुढे ओढलं. "मले काय माईत बाई. जाय आता, ऊन झालं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीला कॅन घेऊन फाट्यावर गेली. कॅन राखेने घासून काढला होता. हॉटेलात वडनेरच्या गाडीची वाट पाहणारी माणसं बसली होती. गल्ल्याच्या बाजूला आधीच एक कॅन होता, निवृत्तीच्या चुलत्याचा. त्याच्या म्हशी तिला ठाऊक होत्या. कालच त्या उतारावर हिच्या म्हशींना खेटून चरत होत्या.

"निवृत्तीभाऊ, दूध आणलं."

निवृत्ती भज्यांचं पीठ कालवत होता. त्याने मान वर केली नाही. "कडू हाय."

तिला वाटलं त्याने ऐकलं नाही. "आजचं हाय भाऊ. गवत गेलं ना आता. तुम्ही म्हणले होते."

"कडू हाय म्हणलं ना."

"झाकण तं काढू द्या. चाखून पाहा. आजीनं काल—"

"चाखाले काय लागते त्याले?" तो आता बाकांवरच्या माणसांकडे पाहून बोलला. "त्या घरचं सारंच कडू." माणसं हसली. सगळी नाही. एकाने चहाच्या कपात पाहिलं.

धम्मशीलाचे हात कॅनच्या कडीवर होते. कोपराच्या आतली भेग ताणली जाऊन ओली झाल्याचं तिला जाणवलं. ती वळली तेव्हा निवृत्ती हात पुसत तिच्यामागे रस्त्यापर्यंत आला. तिथे त्याचा आवाज वेगळा होता, समजावणीचा.

"हे पाय. दोन तारखेले ग्रामसभा हाय. धम्मदीपले म्हणा, गप बस. तीन तारखेपासून दोन्ही टाइमचं दूध आण." तो हॉटेलाकडे वळला. "गोड लागन."

*

घरी तिने जसंच्या तसं सांगितलं. केसरबाई म्हशीच्या कासेशी बसली होती. तिने पारडू सोडलं आणि उठली.

"झाकण काढलंच नाही त्यानं?"

"काढू देलं नाही."

"वास घेतला?"

"नाही आत्याबाई."

"अन् चुलत्याचं घेतलं."

"घेतलं."

केसरबाईने पदराने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. धम्मदीप जेवायला बसला तेव्हा त्यालाही सगळं कळलं. पोत्यांनी सोललेली त्याची मान वाकलेली होती. तो भाकरी मोडत म्हणाला, "मी काही बोलत नाही परवा. दोन वर्षं झाली. हिच्या अंगाची कातडी राह्यली नाही. दूध जाईन तिकडं जाऊ दे एकदा."

दोन वर्षं केसरबाईला हेच ऐकायचं होतं. तिने त्याच्या ताटात कालवण वाढलं आणि आत गेली.

दोन ऑक्टोबरला ग्रामपंचायतीसमोर मांडव टाकला होता. केसरबाई आजवर कधी सभेला गेली नव्हती. त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून आली आणि बायांच्या बाजूला, धम्मशीलाशेजारी बसली. ग्रामसेवकाने विषय वाचले. सोलरचा विषय आला तेव्हा निवृत्ती उभा राहिला.

"मागच्या टायमाले जागेवर गाजर गवत होतं. साफ कराचा खर्च कोनाचा, म्हणून कंपनीही मागं सरकली होती. आता भुंग्यानं सारं साफ केलं. कालेजच्या पोरींचे आभार मानू. अन् आपल्या धम्मशीलाबाईचेही." टाळ्या झाल्या. धम्मशीलाला सगळे वळून पाहत होते. तिने सुजरे डोळे जमिनीकडे वळवले. आपण एकेक भुंगा काडीवर घेऊन नेमकं काय केलं, ते तिला आता समजत होतं. "कंपनीले साफच जागा पायजे होती. आता प्रश्न राह्यला हरकतीचा. धम्मदीप, मागं तुह्यी हरकत होती. आता काय म्हणतं?"

धम्मदीप उठला. त्याने खिशात हात घातला, काढला. "माहं आता काही..."

"थांब रे," केसरबाई म्हणाली.

ती गुडघ्यावर हात देऊन उठत होती. धम्मशीला आधार द्यायला वळली, तिने तो घेतला नाही. मांडवात कुणीतरी हसलं. निवृत्तीही हसतच म्हणाला, "बस केसरमाय. पोरगा बोलून राह्यला ना. तुमच्या दुधाचं पाह्यलं हाय मी, सांगतलं नाही का सूनबाईनं?"

"सांगतलं," केसरबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, म्हणून ती थांबली आणि पुन्हा बोलली, आता सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याची नसन तं नसो. माही हाय. लिहून घ्या, माही हरकत हाय."